मेटॅलिक ग्लास विकत घेताना : एएमझेड-४ पट्टी आणि सळईचे परीक्षण

झिर्कोनियमवर आधारलेली मेटॅलिक ग्लास, म्हणजे स्फटिक न होता काचेसारखा गोठलेला धातू, आता प्रयोगशाळांच्या बाहेरही पट्टी आणि सळईच्या रूपात विकत मिळते. मोजमापाच्या उपकरणांतील लवचीक बिजागऱ्या तयार करण्यासाठी आमच्या भोसरीच्या कारखान्यात आम्ही ती काही काळापासून वापरत आहोत. ज्या मिश्रधातूचे हे परीक्षण आहे, तो या क्षेत्रात एएमझेड-४ या नावाने ओळखला जातो. त्यातील दर शंभर अणूंमागे झिर्कोनियमचे ५९.३, तांब्याचे २८.८, ॲल्युमिनियमचे १०.४ आणि नायोबियमचे १.५ अणू असतात. जर्मनीतील हेरॉयस या कंपनीने हीच रचना ‘ॲमलॉय-झेडआर ०१’ या नावाने बाजारात आणली; मात्र मी वापरलेला माल वेगवेगळ्या मध्यस्थ विक्रेत्यांकडून घेतलेला आहे, त्यामुळे त्यातील दोषांबद्दल पुढे जे लिहिले आहे त्याचा त्या कंपनीशी संबंध जोडू नये.

माझे मत आधीच सांगतो. ३ मिमीपर्यंतच्या जाडीची पट्टी उत्तम आहे आणि तिची किंमत वसूल होते. ५ मिमीपेक्षा जाड माल या रचनेत घेऊ नये, मग विक्रेता काहीही म्हणो. लेझरने थरावर थर वितळवून छापलेले भाग ऑक्सिजनचा आकडा लेखी मिळाल्याशिवाय मागवू नयेत. या तिन्ही निर्णयांचे मूळ रचनेच्या यादीतील मोठ्या आकड्यांत नाही. ते शेवटच्या दीड टक्क्यात आहे, आणि जो यादीत लिहिलाच जात नाही त्या ऑक्सिजनमध्ये आहे.

धातूचा रस थंड होताना त्यातील अणू ठरावीक रांगांत बसतात आणि स्फटिक तयार होतात. रस इतक्या वेगाने थंड केला की अणूंना रांगा धरायला उसंतच मिळाली नाही, तर द्रवातील विस्कळीत मांडणी तशीच गोठते, आणि त्या गोठलेल्या धातूला मेटॅलिक ग्लास म्हणतात. १९६० मध्ये अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत पोल ड्युवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांच्या मिश्रणातून अशी पहिली काच मिळवली. त्यासाठी सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतका शीतन वेग लागला आणि हाती आला तो केवळ एक पातळ पापुद्रा. तेव्हापासूनचा या विषयाचा बराचसा इतिहास म्हणजे तिसरे, चौथे, पाचवे मूलद्रव्य थोड्या प्रमाणात मिसळून हा आवश्यक वेग खाली आणण्याचा इतिहास आहे. एच. एस. चेन आणि डेव्हिड टर्नबुल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॅलॅडियम-सिलिकॉनमध्ये सुमारे ६ टक्के तांबे मिसळले, आणि १९७४ मध्ये चेन यांनी पॅलॅडियमच्या अशा मिश्रधातूंच्या मिलिमीटरभर जाडीच्या सळया काचरूपात मिळवून दाखवल्या. १९९३ मध्ये कॅलटेकमध्येच ॲटकान पेकर आणि विल्यम जॉन्सन यांनी व्हिट्रेलॉय १ हा मिश्रधातू जाहीर केला. त्याला सेकंदाला साधारण एक अंश एवढाच वेग पुरतो. पण त्यात दर शंभर अणूंमागे बेरिलियमचे २२.५ अणू असतात, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असल्यामुळे जिथे सळई कापायची व घासायची आहे अशा कारखान्यात तो माल मी आणणार नाही. त्यामुळे निवड बेरिलियमविरहित मिश्रधातूंपुरतीच उरते : ५ टक्के टायटॅनियम असलेला व्हिट्रेलॉय १०५, ५ टक्के नायोबियम असलेला १०६, आणि ज्याच्याविषयी हे लिहीत आहे तो एएमझेड-४.

१०६ आणि त्याचाच सुधारित प्रकार १०६-ए यांची तुलना मला फार बोलकी वाटते. १०६ मध्ये झिर्कोनियम ५७, नायोबियम ५, तांबे १५.४, निकेल १२.६ आणि ॲल्युमिनियम १० असे प्रमाण आहे. १०६-ए मध्ये झिर्कोनियम ५८.५ आणि नायोबियम २.८ केले, बाकीचे आकडे किरकोळ सरकवले. एवढ्याने काच होण्यासाठी लागणारा किमान शीतन वेग सेकंदाला सुमारे १० अंशांवरून १.७५ अंशांवर आला. म्हणजे नायोबियम घातल्याने काम झाले असे म्हणून थांबता येत नाही. ते नेमके किती घातले, यावर सारे अवलंबून आहे. जास्त घातल्याने जास्त गुण येतो हा समज येथे सरळ खोटा ठरतो. नासाच्या जेनेसिस यानावर सौर वाऱ्यातील अणू पकडण्यासाठी २००१ मध्ये जी मेटॅलिक ग्लास पाठवण्यात आली, तीही याच १०६-ए जातीची होती.

एएमझेड-४ मध्ये निकेल नाही. त्वचेला लागणाऱ्या भागांसाठी हा मोठा फायदा आहे, कारण निकेलची ॲलर्जी असणारे लोक थोडे नाहीत. पण घटक कमी झाल्यामुळे काच होण्याची क्षमता थोडी घटते आणि मर्यादा सुमारे ५ मिमीवर येऊन थांबते. या रचनेतील दीड टक्का नायोबियम कुठून येतो हे समजले तेव्हा मला या मिश्रधातूविषयी खरा आदर वाटू लागला. तो शुद्ध नायोबियमच्या कांडीतून येत नाही. रासायनिक उद्योगात वापरली जाणारी झिर्कोनियम ७०५ ही ग्रेड वजनाने सुमारे अडीच टक्के नायोबियम घेऊनच येते. आता हिशेब करून पाहा : एएमझेड-४ ची रचना अणूंऐवजी वजनात मांडली तर झिर्कोनियम सुमारे ७०.६ टक्के, तांबे २३.९, ॲल्युमिनियम ३.७ आणि नायोबियम १.८ टक्के येते. साडेसत्त्याण्णव भाग झिर्कोनियममागे अडीच भाग नायोबियम असेल, तर ७०.६ भागांमागे जवळपास १.८ भागच येतो. म्हणजे ७०५ ग्रेडचे तुकडे, तांबे आणि ॲल्युमिनियम एवढे तीनच पदार्थ मुशीत टाकले की रचना आपोआप जुळते. अतिशुद्ध आणि अतिमहाग झिर्कोनियमवर अवलंबून न राहता औद्योगिक प्रतीच्या मालापासून मेटॅलिक ग्लास करता यावी, याच हेतूने जर्मन संशोधकांनी ही रचना पुढे आणली. आपल्याकडे अडीच टक्के नायोबियम असलेल्या झिर्कोनियमचे नाव अणुऊर्जेतील लोकांना चांगले परिचयाचे आहे. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांतील दाबनळ्या त्याच मिश्रधातूच्या आहेत. फरक एवढाच की अणुभट्टीसाठीच्या धातूमधून हाफनियम काढून टाकावे लागते, आणि ७०५ ग्रेडमध्ये ते राहिले तरी चालते.

नायोबियम या काचेत नेमके काय करते, याचे सर्वसाधारणपणे मानले जाणारे स्पष्टीकरण असे आहे. काच सहज व्हायची असेल तर घटक तीनपेक्षा कमी नसावेत, त्यांच्या अणूंच्या आकारांत बऱ्यापैकी अंतर असावे आणि मुख्य घटकांना एकमेकांची ओढ असावी. जपानमधील सेंदाई येथील अकिहिसा इनोए यांनी मांडलेल्या निकषांचे हे सार आहे. झिर्कोनियम आणि तांबे, तसेच झिर्कोनियम आणि ॲल्युमिनियम यांच्यात अशी ओढ प्रबळ आहे. नायोबियमचे मात्र झिर्कोनियमशी आणि तांब्याशीही फारसे पटत नाही. थोड्या प्रमाणात असलेला असा न पटणारा घटक स्फटिकाची रांग जमू देत नाही, आणि काच झाल्यावर तिच्या आत अणुपातळीवर किंचित विषम भाग ठेवतो. काचेवर जोर आला की विकृती, म्हणजे जोरामुळे होणारा आकारातील बदल, एकाच पट्ट्यातून धावत जाण्याऐवजी या विषम भागांमुळे अनेक पट्ट्यांत वाटली जाते, आणि तुकडा फुटण्याआधी थोडा तरी वाकतो. प्रमाण वाढवले की हाच घटक वेगळा होऊन स्वतःचे स्फटिक बनवू लागतो.

आता ऑक्सिजन. झिर्कोनियम ऑक्सिजनला इतक्या आवडीने धरतो की वितळताना तो आर्गॉनमधील उरल्यासुरल्या ऑक्सिजनलाही सोडत नाही. हा ऑक्सिजन रसात विरघळतो आणि थंड होताना झिर्कोनियमच्या एका घनाकृती स्फटिकाचे बीज तयार करतो. एकदा हे बीज पडले की त्याच्याभोवती स्थिर स्फटिक वाढायला वेळ लागत नाही. कॅलटेकमधील एका अभ्यासात १९९७ मध्ये दिसून आले की झिर्कोनियम-टायटॅनियम-तांबे-निकेल-ॲल्युमिनियम या कुळात ऑक्सिजन दशलक्षभागी काही शे अणूंवरून काही हजार अणूंवर गेला, तर किमान शीतन वेग शंभर पटींच्या घरात वाढतो. जो मिश्रधातू शुद्ध असताना सेंटिमीटरभर जाडीचा ओतता आला असता, तोच ऑक्सिजन वाढल्यावर काही मिलिमीटरांतच स्फटिकरूप धरतो. पाच काळजीपूर्वक निवडलेल्या धातूंनी जे कमावले, ते न मिसळलेला एक वायू घालवून बसतो. मेटॅलिक ग्लासमध्ये ‘किरकोळ भर’ या गोष्टीचे महत्त्व याहून स्पष्टपणे मला कुठेही दिसलेले नाही.

खरेदी करणाऱ्याने येथे एका बारीक गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर ऑक्सिजनचा आकडा वजनी पीपीएममध्ये (दशलक्ष भागांमागे किती भाग) असतो, तर संशोधनपर लेखांत तो बहुधा अणूंच्या पीपीएममध्ये दिलेला असतो. एएमझेड-४ च्या अणूंचे सरासरी वस्तुमान सुमारे ७६.६ आहे आणि ऑक्सिजनचे १६. म्हणून वजनी १००० पीपीएम म्हणजे अणूंच्या हिशेबात जवळपास ४८०० पीपीएम. कागदावर निरुपद्रवी वाटणारा हजाराचा आकडा प्रत्यक्षात अर्ध्या टक्क्याच्या आसपासची भर असतो, म्हणजे या मिश्रधातूतील नायोबियमच्या जवळपास एक तृतीयांश! एकक न लिहिलेले प्रमाणपत्र मी आता परत पाठवतो.

या दोषावर उपायही किरकोळ भर घालूनच सापडले आहेत, आणि माझ्या मते या विषयातील ही सर्वांत सुंदर बाजू आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत सी. टी. लिऊ यांच्या गटाने व्हिट्रेलॉय १०५ च्या रचनेत बोरॉन ०.१, सिलिकॉन ०.२ आणि शिसे ०.१ टक्के, म्हणजे एकूण अर्ध्या टक्क्याहूनही कमी भर घालून ऑक्सिजनचा दुष्परिणाम बराचसा मारता येतो हे दाखवले. यिट्रियमचे काम आणखी सरळ आहे. ऑक्सिजनशी त्याची ओढ झिर्कोनियमहूनही अधिक, त्यामुळे ते रसातील ऑक्सिजन स्वतःकडे खेचून यिट्रियम ऑक्साइडच्या रूपात बांधून टाकते आणि घातक बीज पडूच देत नाही. शिवाय त्याचा अणू मोठा आहे. त्याची त्रिज्या सुमारे १.८ अँगस्ट्रॉम, झिर्कोनियमची १.६ आणि तांब्याची १.२८. एवढ्या मोठ्या अणूमुळे रांगा जमणे आणखी अवघड होते. बीजिंगमधील संशोधकांनी यिट्रियमची भर घालून कमी शुद्धतेच्या झिर्कोनियमपासून आणि साध्या निर्वातातही जाड मेटॅलिक ग्लास मिळवली. जॉन्सन यांच्या गटाने २००४ मध्ये तांबे ४६, झिर्कोनियम ४२, ॲल्युमिनियम ७ आणि यिट्रियम ५ अशा रचनेतून १ सेंटिमीटर जाडीची काच ओतली. झिर्कोनियमच्या जागी यिट्रियम घालण्याचे प्रमाण बदलले की ही जाडी ४ मिमीपासून वर सरकत जाते. त्याच वर्षी ओक रिजच्या गटाने लोखंड, क्रोमियम, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, मँगनीज, कार्बन आणि बोरॉन यांच्या मिश्रणात दीड टक्का यिट्रियम घालून १२ मिमी व्यासाची पोलादाची काच मिळवली. पोलादाच्या काचेत मिलिमीटरही कौतुकाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दीड टक्क्याचे मोल कळते.

मग एएमझेड-४ मध्ये यिट्रियम का नाही, असा प्रश्न एखाद्या वाचकाला पडेल. यिट्रियमची मात्रा ऑक्सिजनच्या प्रमाणात अचूक बसावी लागते. कमी पडली तर उपयोग नाही आणि जास्त झाली तर ऑक्साइडचे कण काचेत अडकून राहतात, उरलेले यिट्रियम बंध सैल करते आणि काच ठिसूळ होते. दर वितळीत ऑक्सिजन थोडा वेगळा असणार हे गृहीत धरले, तर औद्योगिक उत्पादनासाठी नायोबियमचा सुटसुटीत मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. जाडी हवीच असेल त्याने यिट्रियमकडे जावे. ज्याला पट्टी पुरेशी आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

ताकदीच्या जाहिरातींबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गैरसमज येथेच सर्वाधिक आहेत. “नायोबियममुळे जास्त मजबूत” असे वाक्य एका विक्रेत्याच्या पत्रकात मी वाचले. झिर्कोनियमच्या बहुतेक सर्व काचा साधारण १.६ ते १.९ गिगापास्कल या पट्ट्यात नमतात, म्हणजे कायमच्या विकृत होऊ लागतात, आणि यामागे एक भक्कम कारण आहे. मेटॅलिक ग्लास सामान्य तापमानाला जवळपास ठरावीक विकृतीवर, सुमारे दोन टक्क्यांवर, नमते. जॉन्सन आणि कोनराड साम्वेर यांनी २००५ मध्ये अनेक काचांची आकडेवारी एकत्र मांडून हा नियम स्पष्ट केला. विकृतीची मर्यादा ठरलेली असेल तर ताकद ठरते ती काचेच्या ताठपणावरून, आणि दीड टक्का भर घालून ताठपणा फारसा हलत नाही. फार मोठी ताकद हवी असेल तर मुख्य धातूच बदलावा लागतो : कोबाल्ट ४३, लोखंड २०, टँटलम ५.५ आणि बोरॉन ३१.५ अशा रचनेच्या काचेने दाबाखाली ५१८५ मेगापास्कल इतकी ताकद दाखवली आहे. पण ती चिवट नाही, आणि बिजागरीसाठी मी तिचा विचारही करणार नाही.

किरकोळ भर खरा फरक घडवते तो चिवटपणात. तांबे आणि झिर्कोनियम समसमान घेऊन त्यात ५ टक्के ॲल्युमिनियम घातलेली काच दाबाखाली १८ टक्क्यांपर्यंत विकृत होऊनही फुटली नाही, असे २००५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवले. मेटॅलिक ग्लासकडून अशी अपेक्षा सहसा कोणी ठेवत नाही. पॅलॅडियमच्या काचेत ३.५ टक्के चांदी आणि २ टक्के जर्मेनियम घालून कॅलटेक आणि बर्कले येथील संशोधकांनी २०११ मध्ये जी काच जाहीर केली, तिचा चिवटपणा चांगल्या पोलादांच्या रांगेत बसतो. तेव्हा विक्रेत्याला ताकद विचारू नये. तुकडा मोडायला किती जोर आणि किती वाकणे लागते, ते विचारावे.

आमच्याकडील मालाचे मी काय पाहिले ते सांगतो. ३ मिमी पट्टीचा अरुंद तुकडा शिकंज्यात धरून वाकवला की हाताला आधी ती मऊ वाटते, कारण तिचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ८७ गिगापास्कल आहे. पण सोडल्यावर ती काटेकोर सरळ होते. स्प्रिंग पोलाद ०.७ टक्के विकृतीच्या आसपास कायमचे वाकू लागते, ही पट्टी त्याच्या अडीच-तीन पट अंतर जाऊन परत येते. साठवता येणारी लवचीक ऊर्जा ताकदीच्या वर्गाला ताठपणाच्या दुपटीने भागून काढली, तर या काचेत घनमीटरला सुमारे १६ मेगाजूल आणि चांगल्या स्प्रिंग पोलादात ५ ते ६ मेगाजूल येते. बिजागरीला यापेक्षा दुसरे काही लागत नाही. मोजमाप करणाऱ्या टोकाची पुनरावृत्ती या पट्टीमुळे सुधारली, असे आमच्या तपासणी विभागाचे म्हणणे आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे.

पट्टीचा तुकडा मुद्दाम मोडून तुटीचा पृष्ठभाग भिंगाखाली धरला, तेव्हा तो सर्वत्र सारखा चकचकीत होता आणि त्यावर नसांची बारीक जाळी स्पष्ट दिसत होती. फुटण्याच्या क्षणी तेथील धातू क्षणभर मऊ होऊन ताणला जातो, त्याची ती खूण आहे. ही जाळी दिसली की काच खरी आणि चिवटही आहे असे खुशाल समजावे. मोडताना अंधारात ठिणगी दिसते तीही खरी आहे, कारण नव्याने उघडा पडलेला झिर्कोनियम हवेत पेटतो.

याउलट एका मध्यस्थाकडून याच रचनेची म्हणून आलेली ८ मिमीची सळई मोडली, तेव्हा कडेचे वर्तुळ चकचकीत आणि मधला भाग मातकट, कणीदार निघाला. ठोक्याला ती मधूनच फुटली. मधल्या भागाच्या क्ष-किरण आलेखात काचेचा रुंद उंचवटा नव्हता, स्फटिकांची टोकदार शिखरे होती. कडेला मात्र उंचवटा नीट होता. सळईचा बाहेरचा भाग साच्याला टेकून वेगाने थंड झाला आणि आतल्या रसाला वेळ मिळाला, एवढाच याचा अर्थ. गोल सळई समान जाडीच्या पट्टीपेक्षा लवकर थंड होते हे खरे, म्हणून सळईला थोडी सवलत देता येते. पण ५ मिमीची मर्यादा असलेला मिश्रधातू ८ मिमीत काच होईल अशी आशा, तीही औद्योगिक प्रतीच्या झिर्कोनियमकडून, धरता येत नाही. विक्रेत्याने प्रमाणपत्र दिले होते ते रचनेचे. रचना बरोबरच होती. ऑक्सिजनचा रकाना कोरा होता.

लेझरने छापलेल्या भागांबाबतही मूळ मुद्दा हाच आहे. छपाईत प्रत्येक ठिपका इतक्या वेगाने थंड होतो की जाडीची मर्यादा जवळजवळ उरत नाही, आणि मोठे, गुंतागुंतीचे भाग काचरूपात मिळतात, हे खरोखर मोठे यश आहे. परंतु भुकटीच्या प्रत्येक कणाला ऑक्साइडचा पापुद्रा असतो, तो रसात विरघळतो आणि भागातील ऑक्सिजन ओतीव मालापेक्षा वाढतो. क्ष-किरण आलेख निर्दोष येतो, कडकपणाही उतरत नाही, पण चिवटपणा ओतीव मालाच्या मानाने बराच खाली येतो. ज्या भागावर वारंवार ताण येणार नाही त्यासाठी छापील भाग घ्यायला हरकत नाही. बिजागरीसाठी मी ओतीव पट्टीच वापरतो.

कारखान्यात काम करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. हा माल कोरडा घासू नये. झिर्कोनियमचा बारीक कीस पांढऱ्या ज्वाळेने पेटतो आणि पाण्याने विझत नाही, म्हणून भरपूर कूलंट, कमी वेग आणि जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. दुसरे, कापण्याच्या जागी तापमान सुमारे ४०० अंश सेल्सिअसला पोहोचले की काच मऊ होऊ लागते आणि तिथून पुढे स्फटिक धरू लागते. कापलेल्या कडेवर निळसर-पिवळी झाक दिसली तर तेवढा भाग काढून टाकावा. वायर-कटने, म्हणजे तारेतून ठिणग्या पाडून कापणाऱ्या यंत्राने, काप स्वच्छ येतो, पण त्याचाही वरचा पातळ थर नंतर घासून काढावा लागतो.

दागिन्यांच्या क्षेत्रातील वाचकांना कदाचित रस वाटेल म्हणून सांगतो : सोने ४९, चांदी ५.५, पॅलॅडियम २.३, तांबे २६.९ आणि सिलिकॉन १६.३ अशा रचनेची १८ कॅरेटची सोन्याची काच २००५ मध्ये कॅलटेकमध्ये तयार झाली. सोने, तांबे आणि सिलिकॉन यांच्या मूळ मिश्रणात चांदी आणि पॅलॅडियमची ही थोडी भर पडल्यावर ती ५ मिमी जाडीत ओतता येऊ लागली, आणि तिचा कडकपणा नेहमीच्या १८ कॅरेट सोन्याच्या दुपटीच्या आसपास आहे. ती सुमारे १३० अंशांनाच मऊ होते, त्यामुळे साच्यात दाबून घडवता येते. रंग टिकण्याचा प्रश्न मात्र तिला पुरता सुटलेला नाही.

एएमझेड-४ ची किंमत ग्रॅमवर मोजावी लागते आणि ती स्प्रिंग पोलादाच्या तुलनेत फारच जास्त आहे. जिथे दोन टक्के लवचिकता खरोखर उपयोगी पडते तिथेच ती परवडते. साध्या क्लिपसाठी हा माल घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. पुढच्या मागणीत मी २ आणि ३ मिमीच्या पट्ट्याच लिहिल्या आहेत. सोबत चार गोष्टी लेखी मागितल्या आहेत : अणुटक्क्यांत रचना, वजनी पीपीएममध्ये ऑक्सिजन, झिर्कोनियमची मूळ ग्रेड, आणि त्याच वितळीतील मोडलेल्या तुकड्याचे छायाचित्र. पहिल्या विक्रेत्याने पहिल्या दोन दिल्या, छायाचित्र देता येणार नाही असे कळवले. दुसऱ्याने चारही दिल्या आणि ऑक्सिजनचा आकडा दोन्ही एककांत लिहून पाठवला. मागणी दुसऱ्याकडे गेली आहे.